उजव्या हाताची चिंधी

माघ सरत आला की नांदेडात गोदावरीच्या पुलावरून कडब्याचे ट्रक जाऊ लागतात. ट्रक दिसायच्या आधी त्याचा वास येतो. वाळलेल्या धाटांचा, थोडा गोडसर, थोडा धुळीचा. मी सायकलवरून उतरतो आणि ट्रक जाईपर्यंत कठड्याशी उभा राहतो. मागून येणाऱ्यांना वाटतं, गृहस्थाला दम लागला. पन्नाशी नुकतीच ओलांडली आहे, दम वगैरे काही लागत नाही. पण त्या वासानं माझे तळहात आपोआप मिटतात. ज्यानं शाळूची काढणी केली आहे त्याला याचं कारण सांगावं लागणार नाही.

शाळू विळ्यानं कापत नाहीत, उपटतात. थंडी संपता संपता काळी जमीन वाळून भेगाळते आणि ताट मुळासकट ओढून काढावं लागतं. धाटाला धार असते. आधी तळहात लाल होतात, मग फोड येतात, मग ते फुटतात. म्हणून हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या. त्यात एक अडचण आहे. डाव्या हाताला चिंधी आपली आपल्याला बांधता येते. उजव्या हाताला दुसरं माणूस लागतं. डावखुऱ्याचं उलट, पण दुसरं माणूस त्यालाही लागतंच.

त्यामुळे सुगीत सकाळी शेतात गेल्यावर पहिलं काम हे असायचं. बांधावर भाकरीचं गाठोडं ठेवायचं, आणि जोडीजोडीनं समोरासमोर उभं राहून एकमेकांचे उजवे हात बांधायचे. कालचं भांडण असो, अबोला असो, हात पुढे करावाच लागे. आमच्या घरात माय बाचा हात बांधायची, बा मायचा. माझा हात माझा धाकटा भाऊ दावीद बांधायचा, आणि तो इतका आवळायचा की बोटं बधिर व्हायची.

"पैलवान, जरा ढिली कर."

"मापाड्याचा हात हाय दादा. सांडू नये म्हणून आवळून राहिलो."

मी तेव्हा उदगीरच्या अडत बाजारात मापाडी होतो. धान्याच्या राशी मापून द्यायच्या, हे काम. सुगीत चार दिवस सुट्टी घेऊन गावी यायचो. दावीद माझ्याहून चार वर्षांनी लहान, मिसरूड फुटलेला, आणि त्याला माझ्या कामाची फार गंमत वाटायची. दिवसभर दुसऱ्याचं धान्य मोजणारा माणूस घरी भाकरी कशी मोजत नाही, असं तो माझ्या बायकोला विचारायचा.

आमच्या इथल्या चर्चमध्ये परवा जाहीर झालं की पुढच्या रविवारी हंगामाचा सण. ज्यानं त्यानं आपल्या पिकाचं पहिलं फळ देवापुढे आणायचं. आता शहरात पीक कुणाकडे आहे? लोक केळी आणतात, नारळ आणतात, दुकानातली तांदळाची पिशवी आणतात, एक शिक्षिका दरवर्षी बिस्किटांचे पुडे आणतात. मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जाऊन एखाद्या गाडीवानाकडून शाळूच्या कणसांची पेंढी घेऊन येतो.

"विकत आणलेलं पीक देवाला चालतं का हो?" माझी बायको एस्तेर दरवर्षी विचारते.

"बिस्किटं चालतात तर हेही चालंल."

"बिस्किटं निदान कुणी खातं तरी."

ती पेंढी दाराशी उभी करून ठेवते. पेंढीजवळून जाताना ती पदर सावरते. पेंढी कुणासाठी येते हे तिला ठाऊक आहे.

आमचं गाव उदगीरपासून चार कोसांवर. काही लोक पाच म्हणत. मी चारच धरतो, मी ते पुष्कळदा चाललो आहे. आजोबांच्या काळात आमची वस्ती ख्रिस्ती झाली. उदगीरला मिशनचं आवार होतं, चर्च होतं, शाळा होती. त्या शाळेमुळे मी मापाडी झालो, नाहीतर हमाल झालो असतो. पण धर्म बदलला तरी शेत तेच राहिलं. ते शेत हाडकीचं होतं, म्हणजे गावच्या चाकरीपोटी आमच्या घराण्याला मिळालेलं. सरकारी माणूस दौऱ्यावर आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या मुक्कामाला पोचवायचं, घोड्याला चारा आणायचा, निरोप घेऊन पळायचं. मजुरी नाही. यालाच वेठ म्हणत. पाळकसाहेब सांगत, तुम्ही आता कुणाची वेठ करू नका, तुम्ही देवाची लेकरं. बा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "व्हय साहेब. पर शेत पाटलाच्या तोंडात हाय."

वेठ सोडली तर शेत गेलं, एवढं साधं ते गणित. बानं ते मांडून पाहिलं होतं आणि त्याला दुसरं उत्तर सापडलं नव्हतं. मलाही सापडलं नसतं.

ज्या सुगीबद्दल मी लिहितो आहे तिच्या आधीच्या वर्षी, वैशाखात, गिरदावरसाहेबांचा, म्हणजे महसुलाच्या अंमलदाराचा, दौरा आला. पाटलाचा माणूस पहाटे दारात उभा राहिला. पेटी आणि तंबूच्या काठ्या पुढच्या मुक्कामाला न्यायच्या होत्या. बा हिवतापानं कुडकुडत गोधडीत पडला होता. तो उठून बसला, पटका शोधू लागला, आणि त्याला भोवळ आली. दावीद म्हणाला, मी जातो. मायनं भाकर आणि कांदा फडक्यात बांधून दिला. ओझं त्यानं पोचवलं. परत येताना भर उन्हात, माळावरच्या एका बाभळीखाली तो बसला आणि मेंढक्यांना तिथंच सापडला. फडक्यात अर्धी भाकर शिल्लक होती. मी उदगीरहून येऊन पोचलो तेव्हा त्याला मातीही दिलेली होती. वैशाखात थांबता येत नाही.

माझ्या बायकोनं मला त्या दिवसाचा घरातला एकच तपशील सांगितला. बा गोधडीतून म्हणत होता, "म्या जायला पायजे हुतं," आणि माय काहीच म्हणत नव्हती.

ती पुढे बराच काळ काही म्हणाली नाही. म्हणजे इतरांशी बोलायची. बाशी नाही. दोघं एका छपराखाली राहात, एका चुलीचं खात, पण मध्ये कुणीतरी निरोप्या लागायचा. मी असलो की मी, नाहीतर एस्तेर. "त्यांना सांग, भाकर झाली." "त्यांना म्हणावं, पाणी तापलंय." बा समोर तीन हातांवर बसलेला. मी तोंड त्याच्याकडे वळवून म्हणायचो, "बा, भाकर झाली." तो म्हणायचा, "आयकलं." सुरुवातीला एस्तेरला याचं हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

शेजारच्या बायकांनी मायला वेगवेगळं सांगून पाहिलं. कुणी म्हणालं, रडून घे. कुणी म्हणालं, नवस बोल. ती जात्यावर बसायची आणि जातं ओढत राहायची, आत दाणा नसला तरी.

तिच्याकडे सुंदराबाई यायच्या. उदगीरच्या मिशनच्या बायबलबाई. खेड्यांत पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणं हे त्यांचं काम. पांढरं लुगडं, काळी छत्री, पायांत पुरुषी वहाणा. विधवा होत्या. त्यांना स्वतःचं दुःख काय होतं ते मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत. मी सुट्टीत घरी असताना त्यांना दोनतीनदा पाहिलं. मला वाटायचं, आता प्रार्थना सुरू होईल, उपदेश होईल. तसं काही व्हायचं नाही. त्या मायशेजारी जमिनीवर बसायच्या आणि तिच्या हातातलं काम अर्धं आपल्याकडे ओढून घ्यायच्या. त्यांना सूप धरता यायचं नाही. पाखडलं की कोंडा सुपात आणि दाणे अंगणात.

"बाई, तुमचं शास्त्र सरळ हाय, पर सूप लई वाकडं," माय एकदा म्हणाली. दावीद गेल्यापासून ती पहिल्यांदा असं काही बोलली होती. कोंबड्या त्या दाण्यांवर तुटून पडल्या होत्या.

"मग सूप तुमी शिकवा राहीबाई. शास्त्र मी शिकवते. फिटंफाट."

"ह्या वयात मला अक्षर येतंय व्हय?"

"मला ह्या वयात सूप येऊन राहिलंय, बघा की."

जाताना त्या उभ्या उभ्याच प्रार्थना करायच्या, आणि ती एवढीच असायची: प्रभू, राहीला आज झोप लागू दे. आमेन. क्षमेचं नाव नाही, धीराचं नाव नाही. मला तेव्हा ती प्रार्थना फार तोकडी वाटायची. आज मी पुष्कळ प्रार्थना ऐकून झालेला माणूस आहे. एवढी मापून केलेली दुसरी मी ऐकली नाही.

माय अक्षरं शिकली. पाटीवर नाही, राखेत. बोटानं राख सपाट करायची, अक्षर काढायचं, पुसायचं. दावीदचं नाव शास्त्रात पुष्कळ वेळा येतं, ते तिला सगळ्यात आधी ओळखता यायला लागलं. पान उघडलं की ती आधी ते शोधायची.

महिन्यातून एकदा उदगीरच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. ज्याचं मन कुणाविषयी कडू असेल त्यानं आधी समेट करावा, मग वेदीपाशी यावं, असं शिकवलेलं. बाकीचे हे फारसं मनावर घेत नसत. सगळे उठतात म्हणून उठत. माय बसून राहायची. बायकांच्या बाजूला, खाली सतरंजीवर, सगळी रांग उठून गेल्यावर ती एकटी. आणि पुरुषांच्या बाजूला, दाराजवळ, बा एकटा. अख्खं चर्च पुढे गुडघ्यांवर आणि मागे दोन टोकांना ही दोन माणसं. मी पुढे असायचो. पाठीला ती दोघं जाणवायची.

लोकांनी त्याचा अर्थ लावला. राहीबाईला पाटलाला क्षमा करता येत नाही, असा तो अर्थ. पाळकसाहेबांनाही तसंच वाटलं. माणूस चांगला होता, आजारपणात रात्री उठून यायचा. पण त्यांना काम तडीस नेण्याची घाई असायची. सुगीच्या तोंडावर आमच्या वस्तीवर त्यांनी प्रार्थनासभा घेतली, चिंचेखाली, उन्हं कलल्यावर. गाणी झाली. मग साक्ष देण्याची वेळ आली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सगळ्यांपुढे सांगायचं. दोघांतिघांनी सांगितलं. पाळकसाहेब मायकडे वळले.

"राहीबाई, आज उठा. पाटलाला मनापासून क्षमा केली, एवढंच म्हणा. ओझं उतरंल."

माय उठली. पदर नीट केला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, कुणीतरी आधीच हालेलुया म्हणायच्या तयारीत.

"साहेब, पाटील माझा कोण?" ती म्हणाली. "त्येच्यावर राग धरायला त्येची माझी वळख तरी काय? गारपिटीवर कुणी रुसतंय का? रुसायचं ते आपल्या माणसावर."

आणि ती खाली बसली.

बा उठला. पटका हातात घेऊन, कुणाकडे न बघता, चिंचेच्या सावलीतून बाहेर पडला आणि शेताच्या वाटेनं चालू लागला. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गाणं सुरू केलं. अर्धी माणसं गायली. सुंदराबाई गायल्या नाहीत. त्या मायच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि पाळकसाहेबांकडे असं बघत होत्या की त्यांनी दुसरं कडवं सोडूनच दिलं.

काढणी त्याच आठवड्यात सुरू झाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. काढणीत प्रत्येकाची पात ठरलेली असते. पात म्हणजे आपण जेवढी रुंदी घेऊन पुढे सरकतो ती पट्टी. आमच्या शेतात बांधाकडून बाची पात, तिच्या शेजारी दावीदची, मग माझी, मग बायकांच्या. त्या वर्षी आम्ही शेतात उतरलो आणि माय म्हणाली, "ती पात ऱ्हाऊ द्या."  आम्ही पुढे सरकत गेलो आणि मध्ये ती एक पात उभी राहिली. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना ढेकळं उघडी पडली आणि मध्ये शाळूची भिंत. पलीकडे बा ताटं उपटत होता. त्याचा आवाज यायचा, मुळं तुटल्याचा. माणूस दिसायचा नाही.

बाच्या उजव्या हाताला चिंधी तो स्वतःच बांधत होता, दातांनी. एक टोक दातांत धरायचं, दुसरं डाव्या हातानं ओढायचं. ती घट्ट बसायची नाही. घटकाभरात सुटायची, आणि तो परत दातांनी बांधायचा. मी एकदा पुढे झालो. "असू दे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पातीतल्या पेंढ्यांवर मला रक्ताचे डाग दिसले.

मायलाही दिसले असतील.  दुपारी भाकरी खाताना ती एकदम बोलली. बांधावर एस्तेर, मी आणि ती. बा विहिरीवर गेला होता. तिचं बोलणं आमच्याशी नव्हतं, नुसतं मोकळ्या रानाशी असल्यासारखं होतं.

"देवानंबी लेकरू पाठवलंच की."

एस्तेरनं माझ्याकडे पाहिलं.

"सगळी म्हणत्यात, लेकानं किती सोसलं, लेकानं किती सोसलं. सोसलंच त्येनं. पर पाठवणाऱ्याला कसं वाटलं असंल, ह्ये कुणी इचारतच न्हाई." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला. "त्यो पाठवणारा हाय. त्येला म्हाईत असंल."

मग अगदी हळू: "भाकर म्या बांधून दिली. जा म्हणलं म्या. बाला ताप हाय, तू जा, बिगीबिगी ये, आसं म्या म्हणलं. त्यांनी जा म्हणलं न्हाई. त्ये तर उठत हुते."

  वर्षभर आम्ही जे समजत होतो ते सगळं उलटं निघालं, असं म्हणायला हरकत नाही. पण ते तेवढं उलटंही नव्हतं. तिला बावर राग होताच. तिला न सोसणारं ओझं तिनं जवळच्या माणसाच्या डोक्यावर दिलं होतं, आणि त्यानं ते काही न बोलता घेतलं होतं. त्याला ओझी घ्यायची सवय होती.

बा विहिरीवरून परतला. घागर ठेवून तो आपल्या पातीकडे चालला आणि चिंधीचं टोक दातांत धरलं. माय उठली. आपल्या पदराची किनार तिनं टरकन फाडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. लुगडं तसं जुनं नव्हतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आना हिकडं," ती म्हणाली.

बानं हात पुढे केला नाही. त्याला कळलंच नसावं की हे त्याला म्हटलं आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, निरोप सांगावा म्हणून.

"त्येच्याकडं काय बघता? तुमालाच म्हणून राहिले. हात आना."

त्यानं हात दिला. तळव्याची साल गेली होती. तिनं घागरीतलं पाणी ओतलं, फुंकर घातली, आणि बांधायला लागली. बोटांच्या बेचकीतून, मनगटाभोवती, परत तळव्यावरून. जेवढं लागतं त्याहून किती तरी जास्त वेळ ती बांधत होती. बा तिच्या डोक्यावरच्या पदराकडे बघत उभा होता, फाटक्या किनारीकडे.

"चल," ती म्हणाली, आणि मग भान येऊन, "चला. पोराची पात ऱ्हायलीय."

दोघांनी ती पात काढली. शेजारी शेजारी, अर्धी तिनं, अर्धी त्यानं. आम्ही दूर राहिलो. मुळं तुटल्याचा आवाज आता दुहेरी यायचा. कधी एकदम, कधी मागेपुढे. उन्हं कलेपर्यंत शेत सगळं मोकळं झालं आणि बांधावरून पार पलीकडच्या बांधापर्यंत नजर गेली. तेवढं रान मी त्याआधी आणि त्यानंतर अनेकदा पाहिलं आहे. इतकं मोठं ते कधी वाटलं नाही.

खळ्यावर रास झाली तेव्हा मापायला मी बसलो. मापाडी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. बाजारात दिवसभर मी तो शब्द म्हणायचो आणि त्याचं मला काही वाटायचं नाही. त्या दिवशी पहिलं माप उचललं आणि तसंच धरून राहिलो. पोत्याचं तोंड बानं धरलं होतं, बांधलेल्या हातानं. "म्हण की," तो म्हणाला. मी म्हटलं.

हंगामाच्या सणाला दावीदच्या पातीतल्या कणसांची पेंढी न्यायचं ठरलं. तोवर माय त्या शेतातला दाणा चर्चमध्ये न्यायला तयार नव्हती. वेठीचं शेत, ती म्हणायची, त्याचं दान कसलं. आता तीच म्हणाली, ह्या पातीची नेऊ. गाडी होती, पण बानं पेंढी गाडीत ठेवू दिली नाही. डोक्यावर घेऊन तो चार कोस चालला. आम्ही गाडीतून मागे. उन्हात त्याचा पटका आणि त्यावर ती पेंढी डुलत होती. माय सगळा वेळ तिच्याकडे बघत होती. "थांबा म्हणावं त्यांना, पाणी प्या म्हणावं," असं ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा मी निरोप सांगायच्या आत स्वतःच ओरडली, "आवो, थांबा की!"

पेंढी वेदीपाशी उभी केली. प्रभुभोजन सुरू झालं. बायकांची रांग उठली आणि माय उठली. सुंदराबाई तिच्या मागे होत्या. तिनं भाकर घेतली, प्याला घेतला, तोंड पुसलं, आणि तशीच गुडघ्यांवर राहिली. बाकीच्या परतल्या तरी ती राहिली. ती वाट बघत होती हे सगळ्या चर्चला कळलं. पाळकसाहेब प्याला धरून थांबले. या वेळी त्यांनी घाई केली नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे.

बा दाराजवळून उठला. तो निम्म्यापर्यंत आला. मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मायच्या लुगड्याची किनार अजून त्या हाताला होती, मळलेली, रक्तानं कडक झालेली. तो क्षणभर उभा राहिला आणि मागे वळला.

बाहेर, बैलांपाशी, मायनं त्याला विचारलं, का. रागानं नाही.

"हात बरा व्हऊ दे," तो म्हणाला. "असा हात न्हेऊन कसा लावू? पुढच्या सुगीला पोराच्या पातीची पेंढी आनू, तवाच घिऊ."

"देव हात बघतोय व्हय?"

"त्यो नसंल बघत. मी बघतो ना."

 तिनं ती चिंधी सोडली, नवी बांधली. परतीच्या वाटेवर दोघं गाडीत शेजारी बसली होती आणि पावसापाण्याचं बोलत होती. एस्तेरनं माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, आता सगळं नीट झालं. पुढची सुगी काय, येतेच आहे.

भाद्रपदात बा गेला. तोच हिवताप. शाळू पेरायच्या आधी.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी निजामाचा अमल गेला. त्यामागून वेठही हळूहळू गेली. कुणी दवंडी पिटून सांगितलं नाही. पाटलाचा माणूस दारात यायचा बंद झाला, इतकंच. शेत मात्र राहिलं. मी आयुष्यभर मापं घातली, पण हा हिशेब मला कधी जुळला नाही. ज्या शेतासाठी ओझं उचललं ते शेत ओझ्याशिवायही राहणार होतं. थोडं थांबायला हवं होतं. पण थांबायचं म्हणजे कशासाठी, हे वैशाखातल्या त्या पहाटे कुणाला ठाऊक असणार?

माय पुढे पुष्कळ वर्षं जगली, आणि चांगली जगली. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लिहिलेलं खोटं होईल. सुंदराबाई थकल्यावर त्यांची छत्री तिच्याकडे आली. कुणाच्या घरी लेकरू गेलं, कुणाचा नवरा गेला, की माय तिथं जायची. ख्रिस्ती असोत नसोत. जमिनीवर बसायची, हातातलं काम अर्धं ओढून घ्यायची. क्षमा कर, असं ती कुणाला म्हणाली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आधी झोप लागू दे बाई. बाकीचं देवाला घाई न्हाई." साक्ष द्यायला मात्र ती परत कधी उठली नाही. मी तिला नांदेडला आणलं तेव्हा गल्लीतल्या दोन सुनांना तिनं राखेत अक्षरं शिकवली; स्टोव्ह आल्यावर राखेची पंचाईत झाली, मग पिठात.

पण दर महिन्याला प्रभुभोजनाहून परतताना ती गप्प असायची. एकदा मी विचारलं. ती म्हणाली, "मी घेतला. त्यांचा ऱ्हायला." मी तिला समजावलं की देवाकडे अशी काही बाकी नसते. तिनं माझ्याकडे पाहिलं, लहानपणी चुकीचं माप सांगितल्यावर बघायची तसं. "मी देवाचं म्हणत न्हाई," ती म्हणाली. "म्या पयल्याच दिशी हात बांधला असता, तर त्यांचा हात सोललाच नसता. एवढंच."

ती शेवटच्या आजारात होती तेव्हा पाळक घरी आले. तरुण होते, तिला फारसे ओळखत नव्हते. फाल्गुन लागला होता. खिडकीतून कडब्याचा वास येत होता, की मला तसं वाटलं. त्यांनी तिला भाकरीचा कण दिला, प्याला ओठांना लावला. ती थोडं प्याली. मग तिनं प्याला हातात घेतला, दोन्ही हातांनी, आणि माझ्याकडे पुढे केला.

"त्यांना दे," ती म्हणाली.

पाळकांना कळलं नाही. ते एस्तेरकडे बघू लागले. एस्तेरनं तोंडावर पदर घेतला.

मी प्याला घेतला. कितीतरी निरोप मी या घरात तीन हातांवर पोचवले होते. भाकर झाली, पाणी तापलं. हा एक उरला होता. मी वळलो. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं. प्याल्यात घोटभर शिल्लक होतं. उजव्या हाताला डावा हात लावून मी तो दाराकडे पुढे केला आणि म्हटलं, "बा, प्याला आला."